झबल्यातला माणूस

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. फक्त समोर एक लांबलचक टेबल आहे असं समजा. टेबलावर तीन वर्षांच्या मुलाचा अंगरखा पसरला आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा, कोऱ्या चहात बुडवून काढल्यासारख्या रंगाचा, हात लावायला भीती वाटावी इतका विरलेला. याच बेताचा अंगरखा तुम्हाला एका सहा फुटी माणसासाठी शिवायचा आहे. कसा शिवाल?

तुमच्यातलं कुणी म्हणेल, त्यात काय मोठंसं? अंगरख्याचं चित्र चौकटीच्या कागदावर काढायचं. दुसऱ्या कागदावर दुप्पट मोठे चौकोन आखायचे. लहान चौकोनातून रेघ जशी जाते तशीच मोठ्या चौकोनातून न्यायची. शाळेत आपण नकाशा मोठा करतो, अगदी तसं. ठीक आहे. करा आणि घाला त्या सहा फुटी माणसाला. गळा इतका मोठा होईल की त्यातून खांदे बाहेर येतील. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर संपतील आणि पोटापाशी एक उशी सहज मावेल. असं का होतं? तीन वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या उंचीच्या पाचव्या हिश्शाएवढं असतं, मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. मूल म्हणजे लहान केलेला माणूस नव्हे. वाढताना त्याचा प्रत्येक अवयव आपापल्या चालीने वाढतो.

एवढं लक्षात राहिलं तर आता आपण कऱ्हाडला जाऊ. काळ आपल्यापेक्षा वीस-बावीस वर्षं पुढचा. मंडईमागे पत्र्याच्या छपराचं हेंद्र्यांचं ड्रेपरीचं दुकान आहे. नाटकवाले, मिरवणूकवाले आणि गॅदरिंगवाल्या शाळा जिथून पोशाख नेतात ते दुकान म्हणजे ड्रेपरी. भिंतीला टांगलेल्या बाराबंद्या, पोत्यात जिरेटोप, बिस्किटांच्या डब्यात मिशा. याच पसाऱ्यात वैजयंती हेंद्रे अकरा वर्षांची झाली होती. घरात आणि दुकानात ती वैजू.

वैजूचे आजोबा, ज्यांना सगळं कऱ्हाड तात्या म्हणायचं, ते चौकोनांच्या कामात पटाईत होते. जुन्या ग्रंथांतले तळहाताएवढे खाके ते नुसत्या मोजपट्टीने पुरुषभर मोठे करत. वैजूला त्यांनी सातव्या वर्षी कातर धरायला शिकवली, पण त्याआधी वर्षभर वेगळंच शिकवलं. कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करायचा आणि शिवणीवरून बोट फिरवायचं.

"सुलट बाजू लोकांना दाखवायला असते," तात्या म्हणायचे. "कापडाला जे बोलायचं असतं ते उलट बाजूला असतं."

मग वैजूच्या बाबांनी, म्हणजे प्रथमेशने, वस्त्रवाचक आणला.

हे यंत्र काय करायचं, ते नीट ऐका. अंगात घातलेला कपडा आपल्यासारखाच वागायला शिकतो. कोपरापाशी सूत ताणून ताणून बारीक होतं. बगलेत घामाचे क्षार धाग्यात मुरतात. ज्या खांद्यावर दप्तर अडकवता त्या खांद्याची वीण दबून चपटी होते. धुतल्याने मळ जातो, ही मुरड जात नाही. वस्त्रवाचक कपड्यातून एक मंद, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा आणि धागा न् धागा मोजायचा. कुठे किती ताण, किती झीज, किती क्षार. त्यावरून तो कपडा घालणाऱ्याचं शरीर मांडायचा. कपडा लहान मुलाचा असला तर लाखो मुलांच्या वाढीच्या नोंदी वापरून ते शरीर मोठं करायचा आणि त्या मोठ्या शरीराच्या मापाचा कागदी खाका बाहेर द्यायचा. सोबत रबराचा एक बिनडोक्याचा पुतळा होता. खाक्याच्या कडेला छापलेला आकडा त्याला दिला की पंप घरघरायचा आणि पुतळा त्या शरीराचा आकार घ्यायचा.

पहिलं मोठं काम आलं ते निगडवाडीच्या इनामदारांचं. साताऱ्याची एक हौशी मंडळी रायाजीराव इनामदारांवर नाटक करत होती. त्या घराण्यातला एकच कपडा शिल्लक होता, रायाजीरावांचा लहानपणीचा अंगरखा. हो, मघाचाच, टेबलावरचा. त्याच बेताचा मोठा अंगरखा त्यांना हवा होता.

यंत्राने खाका दिला. पंप सुरू झाला. पुतळा कमरेपासून वर भरत गेला आणि छातीपाशी आल्यावर उजवा खांदा वर चढलाच नाही. पाठीला पोक आलं. प्रथमेशने हवा सोडून पुन्हा भरली. तोच वाकलेला माणूस पुन्हा उभा राहिला.

"यंत्र चुकलं," प्रथमेश म्हणाला.

तेवढ्यात मंडळींपैकी एकाने मोबाइलवर इनामदारांच्या देवघरातलं जुनं चित्र काढून दाखवलं. खाली नाव होतं, रायाजीराव. पाठीला पोक, उजवा खांदा पडलेला. तीन वर्षांच्या पोराच्या अंगरख्याने त्याचं म्हातारपण सांगितलं होतं.

तात्यांनी तेवढं चित्र डोळ्यांजवळ नेलं. "पगडी मागच्या काळातली वाटते," ते पुटपुटले. पण त्या वेळी पगडीत कुणाला रस होता?

बातमी कृष्णाकाठच्या गावोगावी गेली. नाटकवाले मागे पडले आणि आईबाप यायला लागले. पिशवीतून जपून आणलेली झबली टेबलावर ठेवायची, अर्जावर मुलाचं नाव, जन्मतारीख, वजन लिहायचं आणि पंपाकडे बघत उभं राहायचं. बहुतेक मुलांचे पुतळे सरळ, धडधाकट, एकमेकांचे भाऊ शोभावेत असे यायचे. पण मधूनच एखादा वाकडा निघायचा, आणि त्या घरचं माणूस खाली मान घालून पिशवीची घडी करायचं. वैजूच्या वर्गातल्या मल्हारच्या पुतळ्याला पोक निघालं. घरच्यांनी त्याची कबड्डी बंद केली. महिन्याभरात मल्हार खरोखरच वाकून चालायला लागला.

वैजूचा भाऊ श्रीरंग तेव्हा आठ महिन्यांचा होता. दोघांच्या मध्ये एक बाळ जन्मून चार दिवसांत गेलं होतं, त्यामुळे आई, ऋतुजा, श्रीरंगच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून असायची. एका दुपारी दुकानात कुणी नसताना तिने त्याचं पहिलं झबलं यंत्राखाली ठेवलं. वैजू शाळेतून आली तेव्हा आई पुतळ्यासमोर बसलेली होती.

पुतळ्याची डावी छाती आत बसली होती. कुणीतरी मूठ मारून ठेवावी तशी. डावा खांदा खाली ओघळलेला आणि मान त्या बाजूला कललेली.

"कोण आहे हा?" वैजूने विचारलं.

"तुझा भाऊ," आई म्हणाली.

आईने तो खाका मांजरपाटाच्या कोऱ्या कापडावर बेतला, सदरा शिवला आणि पुतळ्यावर चढवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. शिंप्याच्या घरात खाका आला की कापड बेतलंच जातं. मग तो पुतळा कोपऱ्यात तसाच उभा राहिला. त्याची हवा सोडायला आई कुणाला हात लावू देईना. दुपारी पत्रा तापला की रबरातली हवा फुगायची आणि सदऱ्याची उजवी बाजू हळूच वर यायची. ऊन कलल्यावर खाली जायची. डावी बाजू मात्र हलायची नाही. कारण माहीत असूनही वैजू दुपारी त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसत नसे.

श्रीरंगला मात्र तो माणूस आवडायचा. रांगत जाऊन तो मांजरपाटाची कड धरायचा, वर जिथे डोकं नव्हतं तिथे बघून हसायचा आणि उचलून घे म्हणून दोन्ही हात वर करायचा. आई धावत जाऊन त्याला ओढून आणायची.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. मूल उत्तम आहे म्हणाले. आईला ते पटेना. आत्ता नाही, पुढे होणार आहे, आणि होण्याआधीच थांबवलं पाहिजे. पुण्यात एके ठिकाणी लहान मुलांना पाठीचा कडक पट्टा करून देत असत, दिवसरात्र घालायचा, दोन वर्षं. सोमवारची वेळ ठरली. तोवर तिने जुन्या बेल्टची पट्टी श्रीरंगच्या डाव्या खांद्यावरून आवळून बांधायला सुरुवात केली होती. तो नुकता खुर्ची धरून उभा राहायला लागला होता. पट्टी बांधल्यापासून तो एका बाजूला पडायचा. मग उभाच राहायचा नाही.

"आई, तो रडतोय," वैजू म्हणायची.

"आज रडला तर चालेल. पुढे रडायला नको."

"प्रथमेश, पोराला आवळू नका रे," तात्या म्हणाले.

"तात्या, रायाजीरावांचं आपण डोळ्यांनी बघितलं. मी डोळ्यांवर विश्वास ठेवू की नको?"

तात्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला. रविवारी सकाळी आईने श्रीरंगची बॅग भरायला घेतली तेव्हा ते झबलं पलंगावर पडलेलं होतं. वैजूने ते उचललं आणि तिच्या हातांनी, तिने न सांगताच, ते उलटं केलं.

काखेच्या शिवणीपाशी एक काळपट खूण होती. तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ. तिने नखाने खरवडून बघितली. निघेना.

"तात्या, हे काय आहे?"

तात्यांनी चष्मा वर केला. "बिब्ब्याची खूण. परीट करायचा. गावभरचे कपडे एकत्र धुताना कुणाचा कुठला ते कळायला. बिब्ब्याचं काळं मरेपर्यंत जात नाही."

"पण बाळाचं झबलं परटाकडे कुणी देतं का?"

तात्यांची सुई थांबली.

वैजूने झबलं खिडकीच्या उजेडात धरलं. शिवणीच्या बाजूला बारीक छिद्रांची एक ओळ होती. तिथली जुनी टीप उसवलेली. म्हणजे हे कापड आधी दुसरंच काहीतरी होतं. आता हे तुम्हीही घरी विचारून बघा. पुष्कळ घरांत तान्ह्या बाळाला पहिला कपडा नव्या कापडाचा घालत नाहीत. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाचा घालतात, आणि जमलं तर जे माणूस दीर्घायुषी, त्याच्या कपड्यातला. नवं कापड बाळाला टोचतं हे एक कारण, आणि म्हाताऱ्याचं आयुष्य लागावं ही इच्छा दुसरं.

श्रीरंगचं झबलं आईच्या मावशीने, रहिमतपूरच्या लीलाबाईंनी, शिवलं होतं. वैजूने तिला फोन लावला.

"मावशीआजी, श्रीरंगचं झबलं तू कशाचं शिवलंस?"

"का गं, उसवलं?"

"नाही. आधी ते कुणाचं होतं?"

मावशीआजीने आवाज खाली आणला. "आई जवळ आहे का?"

"आत आहे."

"मग ऐक. मागून आणलेल्या कापडाचा धनी सांगायचा नसतो म्हणतात, म्हणून मी तोंड उघडलं नव्हतं. तिचं आधीचं बाळ गेलं ना, म्हणून यावेळी म्हटलं, ज्याला न्यायला यमाने हात घातला आणि जो हातातून निसटला अशाचं कापड आणू. आमच्या आळीला केरबा पोस्टमन आहे. शहाण्णव वर्षांचा. त्याचा जुना सदरा मागून आणला. त्याची डावी बाजू चांगली शाबूत होती, तीच तशीच्या तशी झबल्याच्या डाव्या बाजूला घेतली."

"त्यांच्या डाव्या बाजूला काही झालंय का?"

"तुला कुणी सांगितलं? तरुणपणी क्षय झाला होता. त्या वेळी बरगड्या काढायचे. छाती बसली आहे त्याची."

वैजूने फोन खाली ठेवला. मग ती तात्यांना ओढत दुकानात घेऊन गेली आणि खाका करताना काढून ठेवलेल्या इनामदारांच्या अंगरख्याच्या मोठ्या फोटोंवर झुकली. पाठीच्या मध्यावर तशीच छिद्रांची ओळ होती.

"तात्या, त्या चित्रातली पगडी मागच्या काळातली आहे असं तुम्ही म्हणाला होतात. किती मागच्या?"

"पन्नास-साठ वर्षं," तात्या म्हणाले, आणि म्हणता म्हणता खुर्चीत मागे टेकले. "आजोबाचं नाव नातवाला ठेवतात. माझ्या आजोबांचं नाव विलास होतं, माझंही विलास." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलत होते. "ते चित्र आजोबा रायाजीचं. आणि नातवाचा अंगरखा त्याच आजोबाच्या जुन्या अंगरख्यातून बेतलेला. वैजू, यंत्र चुकलेलं नाही गं. त्याने बरोबर वाचलं. आपणच त्याला सांगितलं की कापड एकाच माणसाचं आहे."

मागचं म्हातारपण पुढचं समजून सगळे घाबरले होते. ज्यांची झबली दुकानातून नवी आणलेली, त्यांना यंत्र सरासरी माणूस दाखवत होतं, सगळ्यांना एकच. उद्याचं त्याला काहीच दिसत नव्हतं.

आईला हे सांगितलं तेव्हा ती घडी घालतच राहिली.

"असेल," ती म्हणाली. "नसेलही. कापडाला कोण विचारणार?"

"ऋतुजा," तात्या म्हणाले, "अंगावर चढवल्याशिवाय शिंप्याचं खरं मानू नये. ट्रायल घेतल्याशिवाय आपण कधी कपडा दिला आहे का?"

वैजूने पुतळ्यावरचा मांजरपाटाचा सदरा उतरवून पिशवीत भरला. रहिमतपूरची एसटी अकराला होती. आई पूर्ण वाटभर खिडकीबाहेर बघत होती आणि श्रीरंग पट्टी ओढत होता.

केरबा पोस्टमन अंगणात बाजेवर बसून पावटे सोलत होता. माणसं आलेली बघून तो उठला, आणि आई फाटकातच थांबली. दोन महिने रोज बघितलेली ती मान, तो ओघळलेला खांदा, ती बसलेली छाती समोरून चालत येत होती. फक्त आता मानेवर डोकं होतं आणि डोक्याला पांढरे केस होते.

"या की. लीलाबाईची भाची न्हवं तुमी?"

वैजूने पिशवीतून सदरा काढला. "आजोबा, हा सदरा घालून बघता?"

"माझ्यासाठी? पोरी, माझा सदरा कुठल्या टेलराला जमत न्हाय. डावीकडं चुणी पडतीयाच."

त्याने घातला. बटणं लावली. खांद्याची शिवण खांद्यावर बसली, डावी कड छातीच्या खळग्याबरोबर आत गेली आणि उजवी त्याच्याबरोबर बाहेर आली. कुठेही चुणी नव्हती. केरबाने हात वर केला, खाली केला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"माझं माप कुनी घेतलं?" तो हळूच म्हणाला. "मला कवा बगितलंस तू?"

"तुम्हाला नाही बघितलं. तुमच्या जुन्या सदऱ्याला बघितलं."

केरबा बराच वेळ त्या सदऱ्याकडे बघत राहिला. कुणीतरी आपल्याला आपल्या नकळत हात लावून गेलं, असं वाटल्यासारखा. मग एकदम हसला. हसताना त्याची उजवी बाजूच हलली.

श्रीरंगने आईच्या कडेवरून दोन्ही हात पुढे केले. दुकानात करायचा तसेच. आई आवरणार तोवर केरबाने त्याला घेतलं होतं. आणि पोर त्या बसलेल्या डाव्या छातीत असं जाऊन बसलं, जणू ती जागा त्याच्यासाठीच कोरून ठेवली होती.

"त्रास होतो का हो याचा?" आईने विचारलं.

"चढाला दम लागतोय. उताराला न्हाय." केरबा म्हणाला. "डाक्टर म्हनलं, सहा म्हैने. मंग मी सायकल घेतली आन् पस्तीस वर्सं टपाल वाटलं. डाक्टरालाबी त्येच्या लेकाची पत्रं मीच न्हेऊन दिली."

मग त्याचं बोट पट्टीत अडकलं. "ह्ये काय बांदलंय पोराला?"

आईने पुढे होऊन पट्टीची गाठ सोडली. घट्ट झालेली गाठ होती, वेळ लागला. तोवर नुसता पावट्याच्या शेंगांचा वास येत होता.

सोमवारी पुण्याला कुणी गेलं नाही. श्रीरंग खुर्ची धरून उभा राहिला, एक हात सोडला, आपटला, परत उभा राहिला. बाबांनी अर्जाच्या कागदावर मुलाच्या नावाच्याही आधी एक नवी ओळ छापून घेतली. हे कापड आधी कुणाचं होतं? मधल्या सुट्टीत वैजूने मल्हारला गाठलं. त्याचं झबलं त्याच्या पणजोबांच्या बंडीचं निघालं, आणि पणजोबा आयुष्यभर हमाली करत होते.

संध्याकाळी बाबा फळीवरच्या खाक्यांच्या गुंडाळ्या उतरवत होते, ज्याच्या त्याला परत द्यायला. वैजू नावं वाचून वेगळ्या करत होती. अगदी मागे एक गुंडाळी होती, दोऱ्याने बांधलेली. वर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, वैजयंती.

"हे काय?"

आईने मान खाली घातली. "श्रीरंगचं केलं त्याच दिवशी तुझंही केलं होतं. आठवण म्हणून ठेवलेलं तुझं झबलं. उघडून बघायचा धीर झाला नाही."

वैजूने दोऱ्याला हात घातला. आता भिण्यासारखं काय होतं? आत ती स्वतः नव्हतीच. आत होतं ते कुणाचं तरी जुनं कापड.

"वैजू," तात्या म्हणाले.

ते शिवणयंत्रापाशी बसलेले होते. सुई बोटात तशीच होती.

"तुझं झबलं मी बेतलं होतं. तुझ्या आजीच्या गाउनचं. निळ्या फुलांचा. मशीनवर बसताना ती तोच घालायची."

आजी वैजूच्या जन्माआधी दोन महिने गेली होती. घरात तिचे फोटो होते, सगळे चेहऱ्याचे. ती बसायची कशी, उभी कशी राहायची, शिवणयंत्रावर झुकून झुकून तिचा कुठला खांदा पुढे आला होता, ते आता तात्यांनाच सर्वांत नीट ठाऊक होतं. आणि या गुंडाळीला.

पत्रा तडतडत निवत होता. कोपऱ्यातला पुतळा, आता बिनसदऱ्याचा, हळूहळू खाली बसत होता. तात्या गुंडाळीकडे बघत होते. त्यांनी ती मागितली नाही, आणि नजरही काढली नाही.

वैजूने दोऱ्याची गाठ सोडली नाही. ती कोपऱ्यात गेली आणि पुतळ्याची झडप दाबली. केरबा पोस्टमनची छाती, खांदा, मान सुस्कारा टाकल्यासारखी आत गेली आणि रबर जमिनीवर सपाट झालं. मग तिने गुंडाळी तात्यांच्या मांडीवर ठेवली. श्रीरंगला काखोटीला मारलं, आईचा हात धरला, बाबांना मानेने खूण केली आणि सगळ्यांना बाहेर काढून शटर अर्धं ओढलं. आईबाबा घराकडे वळले. ती श्रीरंगला मांडीवर घेऊन पायरीवर बसली, शटरकडे पाठ करून.

जिरेटोप परत द्यायला एक शिक्षक आले. "तात्या आहेत का गं?"

"आहेत," वैजू म्हणाली. "पण कामात आहेत. उद्या या, सर."

ते गेले. रस्त्यावरचे दिवे लागायला अजून वेळ होता. आत बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग कागद उलगडल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर पंपाची घरघर सुरू झाली. श्रीरंगने आवाजाकडे वळून दोन्ही हात वर केले.

वैजूने त्याचे हात खाली घेतले. ती उठली, मागे न बघता शटर आणखी वीतभर खाली ओढलं आणि पुन्हा पायरीवर येऊन बसली.